ग्रुपवर गेलेली घरची गोष्ट

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या), त्रेचाळीस वर्षांच्या शिक्षिका लिहितात. पतीचं पिणं वाढत गेलं, नोकरी गेली. वर्षभर त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. शेवटी महिला संघाच्या प्रमुख मावशींजवळ त्या बोलल्या. सासूबाईंच्या आजारपणात याच मावशी रात्र-रात्र दवाखान्यात बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे साठेक जणींसमोर, पतीच्या नावासकट 'प्रार्थनेचा विषय' आला आणि त्याखाली 'आमेन'ची रांग लागली. रविवारी उपासना सुटल्यावर दोघांनी पतीला दारातच 'आता कसं आहे?' विचारलं. पती दोन महिन्यांपासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना जाऊ लागले होते. तिथं ते अजून जातात, मंडळीत मात्र येत नाहीत.

मैत्रीण म्हणते, 'न्याय करू नका' असं शास्त्रच सांगतं. नणंद म्हणते, ज्यांनी एवढं केलं त्यांना बोलायचं नसतं. पाळकसाहेब म्हणाले, 'मत्तय १८ प्रमाणे करा', म्हणजे आधी एकांतात बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांगा. त्यात आणखी एक गुंता आहे. मे महिन्यात याच मावशींनी चार जणींसमोर त्यांना सुनावलं होतं, की तू संघाकडे फिरकत नाहीस आणि मुलीला कन्फर्मेशनच्या (विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या तयारीच्या) वर्गाला पाठवत नाहीस. ते अजून मनात आहे. 'मी आता त्यांची चूक दाखवायला गेले तर तो सूडच होईल ना?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

मावशींचं चुकलं आणि ते त्यांना सांगायला हवं. प्रार्थनेचं नाव दिल्यानं दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगण्याची परवानगी मिळत नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय १९ मध्ये दोन आज्ञा पाठोपाठ येतात. सोळाव्या वचनात लोकांमध्ये चहाड्या करत फिरू नको असं आहे, आणि सतराव्यात भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, त्याला बोल असं. मावशींची गाठ पहिल्या आज्ञेशी आहे, तुमची दुसरीशी. गप्प राहायचं, समोर दिसल्या की 'सलाम मावशी' म्हणायचं आणि घरी येऊन धुमसायचं, याला आपण मंडळीत सोशिकपणा म्हणतो. लेवीयाचं पुस्तक त्याला वेगळं नाव देतं.

तुमच्या मैत्रिणीचं वचन खरं आहे, फक्त तिनं ते अर्ध्यावर सोडलं. मत्तय ७ चं पहिलं वचन सगळ्यांना पाठ असतं. पाचव्यापर्यंत कमी जण जातात. तिथं येशू म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ तसंच राहू दे, असं तो म्हणत नाही. तो फक्त कामाचा क्रम लावून देतो.

नणंदेच्या बोलण्यातही निम्मं तथ्य आहे. १ तीमथ्य ५ च्या सुरुवातीला वडील स्त्रियांना आईसारखं मानून बोध करावा असं सांगितलं आहे. म्हणजे सूर आईशी बोलण्याचा हवा, पण बोलणं टाळायला तिथं जागा नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं हाच प्रश्न घेतला होता, की आपल्याहून अधिकारानं मोठा असलेल्याला त्याची चूक दाखवावी का? त्याचं उत्तर होतं, दाखवावी, मात्र उद्धटपणे नव्हे, सौम्यपणे आणि मान राखून. त्याच प्रकरणात तो असंही म्हणतो, की बोलण्यानं समोरचा माणूस आणखी बिघडेल असं खरंच वाटत असेल, तर अशी बंधुभावाची कानउघाडणी न केलेली बरी. तुमच्या पत्रातून मावशी तशा वाटत नाहीत. रात्रभर दवाखान्यात बसणाऱ्या बाईला दुसऱ्याची कदर असते. तिला कुठं थांबायचं ते कळलं नाही, एवढंच.

आता मुसळाकडे येऊ. तुम्ही ते मे महिन्यातल्या रागात शोधताय. मला ते दुसरीकडे दिसतं. मावशींना सांगण्याआधी तुम्ही पतीला विचारलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही. वर्षभर एकटीनं सोसल्यावर एका विश्वासाच्या माणसाजवळ रडण्यात काही पाप नाही, आणि व्यसन असलेल्या माणसाच्या बायकोनं तोंड शिवून बसावं असं तर मुळीच नाही. तरी त्यांच्या बाजूनं पाहा. ते ज्या सभेला जातात तिथं आडनाव विचारत नाहीत. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, तिच्या बारा परंपरांपैकी शेवटची अनामिकतेची आहे, आणि तिथं बोललेलं तिथंच राहतं या भरवशावर माणसं तोंड उघडतात. एकीकडे हे, आणि दुसरीकडे साठ फोनांवर पूर्ण नाव. त्यांच्या लेखी गोष्ट दोनदा घराबाहेर गेली, एकदा तुमच्याकडून आणि एकदा मावशींकडून.

म्हणून पहिलं बोलणं घरात. ते थोडक्यात असावं: 'तुला न विचारता मी मावशींना सांगितलं. त्याबद्दल माफ कर.' इथं पूर्णविराम द्या. 'पण मी तरी काय करणार होते' हे वाक्य खरं असलं तरी त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी विचारा: मी मावशींशी बोलणार आहे, तुझ्या वतीनं काय सांगू आणि काय सांगू नको? ते 'विषय वाढवू नको' म्हणाले, तर त्यांच्या तब्येतीबद्दल, सभांबद्दल, नोकरीबद्दल मावशींकडे एक अक्षरही काढू नका. तुमचा विश्वास मोडला, ही गोष्ट मात्र तुमची स्वतःची आहे आणि तेवढी तुम्ही बोलू शकता. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे गट असतात. पतीच्या सभेतल्या कुणाकडून जवळच्या गटाचा पत्ता मिळेल. यापुढे मन मोकळं करायला अशी एखादी जागा हवी, जिथून गोष्ट बाहेर जात नाही.

हे झाल्यावर सुडाचा प्रश्न बराच लहान होतो. मन पूर्ण स्वच्छ झाल्यावरच बोलायचं ठरवलं, तर मंडळीत कुणीच कुणाशी कधी बोलणार नाही. त्यापेक्षा स्वतःला एक साधा प्रश्न विचारा: मावशींनी दारातच 'चुकलं गं माझं' म्हटलं, तर मला हलकं वाटेल की तयार केलेलं भाषण वाया गेल्यासारखं वाटेल? दुसरं उत्तर आलं तर आठवडाभर थांबा. आठवडाभरच, कारण महिना उलटला की राग मुरतो आणि तपशील विसरतात.

पाळकसाहेबांनी मत्तय १८ सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त अनेक मंडळ्यांत तो उतारा नोटिशीसारखा वापरला जातो: पहिली ताकीद, दुसरी ताकीद, मग हकालपट्टी. त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते वाचा. आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर लगेच येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न, की मी भावाला कितीदा क्षमा करावी. या दोहोंच्या मधे 'एकांती जा' हे वाक्य येतं, आणि त्या जाण्याचा हेतूही तिथंच सांगितला आहे: त्यानं ऐकलं तर तू आपला भाऊ मिळवलास. तुम्हाला मावशी परत मिळवायच्या आहेत. खटला जिंकायला तुम्ही जात नाही आहात.

एकांताचा आग्रह किती महत्त्वाचा आहे हे पाहायला एक जुनं प्रकरण फार उपयोगी पडतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन यानं बेथलेहेमला राहणाऱ्या जेरोम या बायबल-पंडिताला त्याची एक चूक दाखवणारं पत्र लिहिलं. विषय होता गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणं पेत्रानं सोडलं म्हणून अंत्युखियात प्रेषित पौल त्याला सगळ्यांसमोर बोलला तो प्रसंग. जेरोमच्या मते ते बोलणं ठरवून केलेलं होतं. ऑगस्टिनच्या मते ते खरंखुरं होतं. ज्याच्या हाती पत्र दिलं तो बेथलेहेमला गेलाच नाही आणि पत्राच्या नकला रोममध्ये फिरू लागल्या. जेरोमला कळलं ते इतरांकडून. तो भयंकर संतापला, आणि त्या संतापात मूळ मुद्दा कुठल्या कुठं गेला. ऑगस्टिननं पुढे वारंवार क्षमा मागितली, नातं सांधलं गेलं आणि काही वर्षांनी दोघं पेलागियस या वादग्रस्त धर्मशिक्षकाच्या शिकवणीविरुद्ध एका बाजूनं उभे राहिले. योग्य मुद्दा चुकीच्या वाटेनं पोचला की काय होतं ते यात दिसतं. आजच्या भाषेत, मावशींना लिहिलेला मेसेज त्यांच्याआधी नणंदेला 'बघ, कसा वाटतो' म्हणून पाठवू नका.

किंबहुना लिहूच नका. भेटा, त्यांच्या घरी आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी. रविवारी उपासनेनंतर नको, तेव्हा चार जणी कान देऊन उभ्या असतात. गृहप्रार्थनेच्या आधीही नको. तुमच्या घरी बोलावलंत तर त्यांना हजेरी द्यायला आल्यासारखं वाटेल. फोनवर वेळ ठरवताना विषयाचा अंदाज द्या: 'ग्रुपवरच्या त्या मेसेजबद्दल बोलायचं आहे, अर्धा तास, आपण दोघीच.' नुसतं 'काम आहे' म्हटलंत तर त्या चार जणींना विचारत बसतील, काय झालं असेल म्हणून. सून स्वयंपाकघरात असेल तर गच्चीत किंवा अंगणात बसा.

प्रार्थना घरून करून जा. तिथं बसल्या-बसल्या 'हे प्रभू, आमच्या जिभांना आवर घाल' अशी सुरुवात करू नका. ती प्रार्थना नसते, डोळे मिटून मारलेला टोमणा असतो, आणि समोरचीला त्याला उत्तरही देता येत नाही, कारण बोलणं देवाशी चाललेलं असतं.

बोलायला तीन वाक्यं पुरतात. 'मावशी, मी तुम्हाला सांगितलं ते फक्त तुमच्यासाठी होतं. दुसऱ्या दिवशी ते ह्यांच्या नावासकट ग्रुपवर आलं. तेव्हापासून ह्यांनी मंडळीत येणं सोडलंय.' आणि थांबा. हे थांबणंच अवघड जातं. शांतता असह्य होऊन आपण पुढे बोलत सुटतो आणि त्यात 'तुम्ही नेहमीच' किंवा 'सगळ्या जणी म्हणतात' येऊन जातं. एकदा 'सगळ्या जणी' आल्या की मावशी तुमचं ऐकणं सोडून मनात नावं शोधू लागतात. त्यांच्या उपकारांची उजळणीही सुरुवातीला नको. 'तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, पण...' यातल्या 'पण'मुळे आधीचं सगळं आभारप्रदर्शन खोटं वाटतं. आभार निघताना माना, ते तेव्हा खरे वाटतील.

उत्तर काय येईल? बहुधा 'अगं, मी प्रार्थनेसाठीच टाकलं.' हेतूवर वाद घालू नका: 'हेतूबद्दल मला शंका नाही. एका बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करा, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं.' किंवा 'तू कुठं म्हणालीस, कुणाला सांगू नका म्हणून?' तुम्ही म्हणाला नसाल तर तसं कबूल करा. त्यानं तुमची बाजू लंगडी पडत नाही. किंवा 'तू स्वतः तर संघाला येत नाहीस.' तेव्हा म्हणा, 'त्याबद्दल मला ऐकायचंय, त्यासाठी पुढच्या आठवड्यात येते. आज एवढंच.' आणि खरोखर जा.

चौथी शक्यता म्हणजे त्या रडतील. इथं बहुतेक बायकांचं सगळं मुसळ केरात जातं. आपण घाईनं 'जाऊ द्या हो मावशी, काही नाही' म्हणतो, आणि सांगितलेलं सगळं मागं घेतलं जातं. हात धरा, पाणी द्या, गप्प बसा. 'काही नाही' म्हणू नका.

मग मागायचं काय? इतके दिवस गेल्यावर तो मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसता येणार नाही; ती सोय दोनेक दिवसच असते. त्यामुळे भरपाई दुसऱ्या रीतीनं करावी लागेल. गोष्ट साठ जणींसमोर गेली, मग मावशींनाही साठ जणींसमोरच बोलावं, असं तुम्हाला वाटू शकेल, आणि अंत्युखियाचा दाखलाही देता येईल. पण पेत्राचं वागणं तिथं उघड चालू होतं आणि बर्णबासकट बाकीचे त्याच्यामागं ओढले जात होते. थांबवायला वेळ नव्हता. इथं तसं काही चालू नाही. चूक एकांतात दाखवा, दुरुस्ती मात्र जिथं चूक झाली तिथं होऊ द्या. मावशींनी ग्रुपवर एवढंच लिहावं: 'मागे मी एका कुटुंबाविषयी त्यांना न विचारता लिहिलं, ती माझी चूक होती. कृपया त्याबद्दल त्यांना कुणी विचारू नये आणि तो मेसेज पुढे पाठवू नये.' नाव नको, कारण नको. यानं निवलेली चर्चा पुन्हा पेटेल अशी भीती पतीला वाटत असेल, तर हेही नको. मग मावशींनी त्या दारात विचारणाऱ्यांच्या घरी फोन करून सांगावं, तेवढं पुरे. पतीला भेटायला मावशींनी यावं की नाही, हे पती ठरवतील.

त्यांनी ऐकलंच नाही, तर लगेच दुसरी पायरी चढू नका. एकदोन आठवडे जाऊ द्या. पुष्कळ माणसं समोर 'नाही' म्हणतात आणि रात्री विचार करतात. त्यानंतर 'एक-दोघांना बरोबर घे'. ही अट जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातल्या साक्षीदारांच्या नियमावरून आली आहे, आणि तो नियम आरोप झालेल्याच्या रक्षणासाठीही आहे. म्हणून मैत्रीण नको, नणंद नको. मावशी जिचा शब्द मानतात अशी एखादी वडील बाई घ्या आणि तिला आधी तुमच्या बाजूनं पढवू नका. ती दोघींचं ऐकून 'तुझंही थोडं चुकलं' म्हणाली, तर ते ऐकायची तयारी ठेवा. तिसऱ्या पायरीवरचं 'मंडळीला सांग' म्हणजे रविवारच्या सूचनांमध्ये वाचणं नव्हे. पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी किंवा सेशन, जे तुमच्याकडे असेल ते. तिथंही मावशींना पदावरून काढा अशी मागणी करण्यापेक्षा ग्रुपसाठी नियम मागा: ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचं, होकार नसेल तर नाव, आजार, पत्ता काहीच टाकायचं नाही, आणि 'मला विचारून टाकलं आहे' असं मेसेजमध्येच लिहायचं. हा नियम तुमचं भांडण नसतानाही प्रत्येक मंडळीनं करण्यासारखा आहे. आणि 'तो तुला विदेशी व जकातदारासारखा होवो' या शेवटच्या ओळीनं घाबरू नका. ज्या शुभवर्तमानात ती आहे ते एका जकातदाराच्याच नावावर आहे, आणि येशू त्याच्या घरी जेवायला बसला होता. तुमच्यापुरता तिचा अर्थ असा: मावशींशी बोलाचाली ठेवा, त्यांच्या सुखदुःखाला जा, मनातलं मात्र यापुढे दुसरीकडे सांगा.

हे सगळं एका बोलून सुटणाऱ्या दुखण्यासाठी आहे. इतर वाचकांसाठी मधेच सांगायला हवं: मारहाण, धमकी, लैंगिक त्रास असेल, तर 'आधी एकट्यानं जाऊन त्याला भेट' हा सल्ला देणं घातक आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कमिटीची बैठक होईपर्यंत थांबायची मुभा त्यात नाही. मंडळीच्या पैशांचा घोळ असेल तर तोही दोघांतला रुसवा नव्हे; तिथं हिशेब, पावत्या आणि ऑडिट मागायचं.

राहता राहिला मे महिना. मावशींनी चार जणींसमोर बोलायला नको होतं. त्यावर तुम्ही त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलू शकता, पण वरच्या भेटीत नाही. एका भेटीत एकच गोष्ट. त्यांचं म्हणणं मात्र रीत चुकीची होती म्हणून टाकून देऊ नका. जुन्या करारातल्या बलाम या भविष्यवाद्याला त्याच्या गाढवीनं अडवलं होतं आणि ती बरोबर होती. सांगणारं कोण आणि कसं सांगतंय यावर खरंखोटं ठरत नाही. नव्या करारातला उपदेशक अपुल्लोस शास्त्रात निपुण, वक्तृत्वात तरबेज. त्याला तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी घरी नेऊन अधिक नीट समजावलं, आणि त्यानं ते घेतलं. अर्थात त्यांनी त्याला सभास्थानात सगळ्यांदेखत थांबवलं नव्हतं, हा फरक मावशींना कधीतरी सांगण्यासारखा आहे.

टीका अंगावर आली की ती तीन भागांत फोडून बघावी: काय घडलं, ते का घडलं असं सांगणारा समजतो, आणि तो कसं बोलला. मावशींच्या बोलण्यात पहिलं खरं होतं. तुम्ही संघाला जात नव्हता, लेक वर्गाला जात नव्हती. दुसरं चुकलं होतं. त्यांना तो आळस किंवा थंडपणा वाटला, आणि घरात काय चाललंय हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसरं दुखावणारं होतं. आपण तिसऱ्यासाठी पहिलं फेकून देतो. आता दुसऱ्या भेटीला जाल तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करा: 'तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मी येत नव्हते. कारण तुम्हाला माहीत नव्हतं.' तिथल्या तिथं काही कबूल करवत नसेल तर 'दोन दिवस विचार करून सांगते' हे उत्तर पूर्णपणे चालतं, फक्त दोन दिवसांनी सांगायचं.

आणि मुलीविषयी मावशींना काही कारण सांगण्याआधी मुलीला विचारा. ती वर्गाला का जात नाही, तिला तिथं बाबांबद्दल कुणी विचारेल अशी भीती वाटते का, आणि वाटत असेल तर वर्ग घेणाऱ्या ताईंना तेवढंच, तिच्या शब्दांत, कुणी सांगावं: तुम्ही की तिनं स्वतः?